चौकटीची सत्ती

घड्याळजींचं दुकान जिन्याखाली होतं. एक गिऱ्हाईक आलं तर आत मावायचं, दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहून ऊन खायचं. वरच्या मजल्यावरून कुणी उतरू लागलं की टेबलावरचे बारीक स्क्रू नाचायला लागत, आणि घड्याळजी मान वर न करता त्यांच्यावर एक वाटी पालथी घालत. कोण उतरतंय हे त्यांना पावलांवरून कळायचं, आणि त्या मानाने लहान वाटी घ्यायची की मोठी, तेही.

त्यांच्या डोळ्यांचं साऱ्या गल्लीला कौतुक. कुणाच्या कानातल्याची फिरकी पडली, कुणाच्या चष्म्याचा स्क्रू निसटला की घड्याळजींना बोलावणं जाई. बाकीचे टॉर्च घेऊन जमिनीवर रांगत असताना हे नुसते दारात उभे राहत, एकदा खोलीभर नजर फिरवत आणि म्हणत, "सतरंजीच्या घडीत बघा." फिरकी तिथेच असायची.

अशा डोळ्यांचा एक तोटा असतो. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. बँकेतलं घड्याळ मागे असो की केशकर्तनालयातलं पुढे, घड्याळजी कुणाला न विचारता खुर्चीवर चढत आणि काटे सारखे करून खाली उतरत. बरं, पैसेही मागत नसत. त्यामुळे लोक त्यांना भला माणूस म्हणत, आणि ते खरंच होतं.

त्यांची बायको शिवणाचा वर्ग चालवायची. सगळे तिला शिवणबाई म्हणत. तिचा आवडता शब्द एकच, 'उसव'. टाका वाकडा गेला, उसव. टाका सरळ गेला पण धागा चुकीचा, उसव. एका मुलीने रडकुंडीला येऊन विचारलं होतं की बाई, आतल्या बाजूचा टाका कुणाला दिसणार आहे? शिवणबाईने तिला शांतपणे सांगितलं, की तुला दिसला ना, मग झालं.

चुका पकडणारी दोन माणसं एका छपराखाली सुखाने कशी नांदली, हा प्रश्न रास्त आहे. त्यांनी वाटणीच करून घेतली होती. वेळ घड्याळजींची, कापड शिवणबाईचं, आणि एकमेकांच्या प्रांतात नाक खुपसायचं नाही. सामाईक प्रांत फक्त पत्त्यांचा.

तालमीच्या वरच्या मजल्यावर पत्त्यांचं मंडळ होतं. खाली जड वजनं जमिनीवर आदळली की वर टेबलावरची पानं उडत, पण भाडं कमी होतं म्हणून कुणी कुरकुर करत नसे. दर रविवारी दुपारी तिथे डाव रंगायचा. चौघं जण, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू, तेरा-तेरा पानं, आणि एक रंग हुकूम. ज्या रंगाची उतारी होईल त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं. नसेल तरच हुकूम मारायचा. चार पानं पडली की एक हात झाला, आणि तेरांतले सात हात करील त्या जोडीचा डाव. लहान पोरांनाही येतो असा खेळ, पण मंडळात तो परीक्षेला बसल्यासारखा खेळत.

वर्षाच्या शेवटी स्पर्धा व्हायची आणि जिंकणाऱ्या जोडीला एक पितळी किटली मिळायची. किटलीला बुडाशी भोक होतं, चहा सोडाच, त्यात पाणीही राहत नसे. तरी शिवणबाईचा त्या किटलीवर जीव होता. कित्येक वर्षं नवरा-बायको शेवटच्या सामन्यापर्यंत जात आणि हात हलवत परत येत. तिने घरात किटलीसाठी एक फळी रिकामी ठेवली होती. त्या फळीवर दुसरं काही ठेवलं की ती न बोलता उचलून ठेवायची.

मंडळात एक नियम होता, आणि तो शिवणबाईनेच आणला होता. त्याचं असं झालं, की एके वर्षी दोन मेहुणे विरुद्ध जोड्यांत आले आणि एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घालत बसले. रंग असून हुकूम मारला तरी दुसरा बघितलं न बघितल्यासारखं करायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोण कुणाला चावणार! त्यांच्या गोडव्यापायी भलतीच जोडी बाहेर गेली. तेव्हा शिवणबाई उभी राहिली आणि म्हणाली, की चुकणाऱ्याला दंड आहेच, पण चूक न पकडणाऱ्यालाही हवा. खूप वाद झाला. मंडळातले पाववाले म्हणाले, "चोराला शिक्षा समजते हो. पण ज्याच्या घरी चोरी झाली, त्यालाही?" तरी मतं पडली आणि नियम झाला. विरुद्ध जोडीतल्याने केलेली चूक तुम्ही पकडली, तर त्याचे दोन हात तुम्हाला. नजरचुकीने सुटली, तर दोन हात त्याचे कापायचे आणि दोन तुमचेही. आणि दिसूनही गप्प बसलात, तर डाव त्यांचा आणि तुमच्या जोडीला वर्षभर मंडळाची पायरी बंद.

आता मुलीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

घड्याळजींची एकुलती एक मुलगी रंगवाल्यांच्या घरी दिली होती. रंगवाले म्हणजे तिचे सासरे. चौकात त्यांचं भिंतीच्या रंगांचं दुकान होतं. माणूस दिलदार, पण कुठेही वेळेवर पोचेल तर शपथ. विहीणबाई अगदी मऊ बोलणाऱ्या. त्यांच्याशी बोलताना समोरच्याचाही आवाज आपोआप खाली यायचा. दोन्ही घरांचं एकमेकांशी वागणं इतकं गोड होतं की त्यात माणसाचा जीव गुदमरावा. "तुम्ही आधी बसा." "छे छे, तुम्ही." असं करत चौघंही उभेच राहायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या घरी गेले, तेव्हा घड्याळजींना तिथलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे दिसलं. झालं. सगळे आत असताना ते स्टुलावर चढले आणि काटे सारखे करून टाकले. आपण व्याह्यांची केवढी सेवा केली म्हणून घरी येताना खूश होते. चार दिवसांनी मुलगी दुकानात आली. ते घड्याळ सासूबाईंनी मुद्दाम पुढे ठेवलं होतं, रंगवाले वेळेवर घराबाहेर पडावेत म्हणून. घड्याळ बरोबर झालं आणि रंगवाल्यांची गाडी चुकली, तीही नेमकी मोठ्या कामासाठी निघाले असताना. सासूबाई अवाक्षर बोलल्या नव्हत्या. पण त्यांनी काटे परत पुढेही केले नाहीत. व्याह्यांना वाईट वाटेल म्हणून घड्याळ तसंच बरोबर ठेवलं होतं, आणि आता रंगवाले रोज दहा मिनिटं उशिरा निघत होते.

मुलगी म्हणाली, "बाबा, एक कराल माझ्यासाठी? त्या घरातली चूक दिसली ना, तरी बोलू नका."

घड्याळजींना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी शब्द दिला. बायकोला मात्र यातलं काही सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

आणि त्या वर्षी स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात समोर कोण यावं? रंगवाले आणि विहीणबाई. नवशिकी जोडी, पण नशीब असं की पानं चालून येत होती. टेबलाभोवती माणसं दाटली. पंच होत्या औषधाच्या दुकानातल्या बाई. त्या हातात छोटी घंटा घेऊन खुर्च्यांमागून फेऱ्या मारायच्या. सुरुवातीलाच चौघांनी एकमेकांना "तुम्ही वाटा", "नाही, तुम्हीच वाटा" करून एवढा वेळ घालवला की पंचबाईंनी घंटा वाजवली.

सामना बरोबरीत आला आणि शेवटचा डाव सुरू झाला. घड्याळजींकडचे हात भराभर होत होते. शिवणबाईने चौकटीचा राजा टाकला. एक्का आधीच पडून गेला होता, म्हणजे हात तिचाच. पण रंगवाल्यांनी त्यावर हुकुमाची तिर्री मारली आणि हात ओढून नेला. चौकट संपली असेल त्यांची, असं सगळ्यांनी धरलं. शिवणबाईने ओठ आवळले, पण खेळ तो खेळ.

दोन हात झाल्यावर रंगवाल्यांनी पान टाकलं ते चौकटीची सत्ती. बिचारी बदामाच्या पानामागे अडकून बसली असणार, तांबड्यामागे तांबडं. ते पान पडलं आणि त्याच क्षणी खाली कुणीतरी भलंमोठं वजन आपटलं. टेबल हादरलं, शिवणबाईचा चहाचा कप कलंडला आणि ती तो सावरायला वळली. घड्याळजी हलले नाहीत. त्यांचे डोळे त्या सत्तीवर होते. पान उलटं ठेवायच्या आत नुसतं 'चौकट' म्हणायचं होतं. दोन हात मिळाले असते, सामना मिळाला असता, आणि फळीवर किटली आली असती. त्यांचं तोंड उघडलंसुद्धा. मग बाजूला मऊ चेहऱ्याच्या विहीणबाई दिसल्या, त्यांच्यामागे उभी असलेली मुलगी दिसली, आणि घड्याळजींनी मूग गिळले. रंगवाल्यांनी चारही पानं गोळा करून उलटी ठेवली.

पंचबाईंची घंटा वाजली.

त्यांनी पानं सुलटी करून चूक दाखवली, तेव्हा रंगवाले कानापर्यंत लाल झाले. रंगाचं दुकान चालवून रंग चुकला म्हणून मागून कुणीतरी हसलंही. मग पंचबाई दुसऱ्या जोडीकडे वळल्या आणि दिसलं होतं का म्हणून विचारलं. शिवणबाईने मान ताठ ठेवून नाही म्हणून सांगितलं. तेवढं सांगतानाही तिला किती जड गेलं, ते घड्याळजींनी पाहिलं.

"आणि तुम्हाला?"

ज्याला सतरंजीच्या घडीतली फिरकी दारातून दिसते, त्याला हातभरावरची सत्ती दिसली नाही? पण नाही म्हटलं असतं तर कोण काय करणार होतं? पंचांना डोळ्यांच्या आत शिरता येत नाही. दोन हात यांचे गेले असते, दोन त्यांचे, आणि डाव पुढे चालला असता. कदाचित जिंकलेही असते. एक 'नाही' म्हणायचं, बस. पण घड्याळजींनी जन्मभर लोकांना खरी वेळ सांगितली होती, आणि खोटं बोलायचं नुसतं मनात आलं तरी त्यांच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"दिसलं होतं," ते म्हणाले.

पहिले उठले ते रंगवालेच. त्यांचा आवाज चढला. त्यांचं म्हणणं असं, की हा कसला न्याय? चूक केली मी, माझे जाणार दोन हात. यांनी माझ्यावर मेहरबानी केली, तर यांचं अख्खं वर्ष जाणार आणि वर किटली मला मिळणार? पाववाल्यांना तर आयतंच सापडलं. आपण तेव्हाच सांगितलं होतं, असं ते तीनदा म्हणाले. पंचबाईंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, की रंगवाल्यांच्या हातून झाली ती चूक आणि घड्याळजींनी केली ती निवड, आणि चुकीला माफी देता येते म्हणून तिचा दंड लहान आहे. तरीपण शिवणबाईला काहीच दिसलं नव्हतं, तिचा यात काय दोष, हे कोडं त्यांनाही सुटेना.

शिवणबाईने हातातली पानं जुळवून टेबलावर पालथी ठेवली. "नियम माझाच आहे," ती म्हणाली. "लावा."

किटली रंगवाल्यांच्या पुढे ठेवली गेली, पण त्यांनी हात लावला नाही. ती परत मंडळाच्या कपाटात गेली.

घरी जाताना शिवणबाई दोन पावलं पुढे चालत होती. घड्याळजींनी तिला मागून सगळं सांगितलं. स्टूल, काटे, चुकलेली गाडी, मुलीला दिलेला शब्द. ती कोपऱ्यावर थांबली. रागावलेली दिसत नव्हती, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"शब्द पाळलात, चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण अहो, तुम्ही तो माझ्या पानांनी पाळलात."

घड्याळजींना आता उमगलं. सगळे व्याह्यांबद्दल आणि नियमाबद्दल भांडत होते, आणि टेबलाच्या पलीकडे जी भिडू म्हणून बसली होती तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनीही नाही. उदार व्हायला निघाले ते दुसऱ्याच्या खिशातून. त्यांचे डोळे भरून आले. चुकलो, एवढंच ते म्हणाले, रस्त्यात, दिव्याच्या खांबाजवळ.

"चुकलात ना? मग त्याचा दंड आहे," शिवणबाई म्हणाली. तिने तो तिथेच ठोठावला. वर्षभर रोज सकाळी वर्गातल्या सगळ्या सुया ओवून द्यायच्या.

भांडणावाचून मिटलं म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून घड्याळजी सकाळी खिडकीत बसून सुया ओवू लागले. एका खेपेत धागा आरपार. मुली येऊन बघत राहायच्या. शिवणबाई चहा आणून शेजारी ठेवायची आणि एखाद्या सुईचा धागा लांब झाला म्हणून परत काढायला लावायची. इतक्या वर्षांत सकाळचा चहा त्यांनी असा एकत्र कधी घेतला नव्हता.

काही दिवसांनी रंगवाले दुकानात आले. आत एक गिऱ्हाईक होतं, म्हणून ते रस्त्यावरच उभे राहिले आणि तिथूनच बोलले. तुम्हाला मंडळ बंद, तर आम्हालाही तिकडे करमत नाही. रविवारी घरी या, टेबल आहे, पत्ते आहेत. घड्याळजींनी बायकोकडे निरोप नेला. ती लगेच हो म्हणाली, पण नियम मंडळाचेच राहतील, एवढं तिने कळवलं.

रविवारी चौघं लेकीच्या घरी टेबलाभोवती बसले. मुलगी दारात उभी होती. भिंतीवरचं घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवत होतं. घड्याळजींनी तिकडे बघायचं टाळलं. पहिले दोन डाव इतके गुळमुळीत झाले की कुणी कुणाचं पान मारायलाच धजेना. तिसऱ्या डावात बदामाची उतारी झाली आणि शिवणबाईने हुकूम मारला. पुढच्याच हाताला तिच्याकडून बदामाची राणी पडली.

घड्याळजींना वाटलं, आपल्यालाच भास झाला. शिवणबाई, आणि रंग चुकली? ती मुद्दाम चुकली की खरंच, हे त्यांनी तिला पुढे कधी विचारलं नाही. विहीणबाईंची नजर राणीवर गेली, तिथे थांबली आणि खाली वळली. रंगवाले छताकडे बघू लागले.

शिवणबाईने राणीवर बोट ठेवलं, हात कुणाला उचलू दिला नाही. "विहीणबाई, दिसलं ना?"

विहीणबाईंनी होय अशी मान हलवली.

"मग बोला की."

विहीणबाईंना घाम फुटला होता. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "चुकलात तुम्ही. बदाम होतं तुमच्याकडे."

"घ्या दोन हात," शिवणबाई म्हणाली आणि ते तिने स्वतः त्यांच्याकडे सरकवले.

ते दोन हात हातात आले आणि विहीणबाईंना काय झालं कुणास ठाऊक, त्यांना धीर चढला. त्या घड्याळजींकडे वळल्या. "आणि व्याही, बोलतेच आहे तर सांगते. ते घड्याळ तुम्ही नीट केलंत ना, तेही चुकलं होतं. मुद्दाम पुढे ठेवलं होतं मी. तेव्हापासून हे रोज उशिरा जातायत आणि मी दात-ओठ खात बसते."

दारातल्या मुलीने डोळे मिटून घेतले. पण रंगवाले खो खो हसत सुटले. आपण या घरात इतकी वर्षं फसवले जात होतो, याचा पत्ता त्यांना त्या दिवशी लागला होता. घड्याळजीही हसले. हे सगळं त्यांना मुलीकडून कधीच कळलेलं होतं, पण विहीणबाईंच्या तोंडून ऐकताना छातीवरचं ओझं उतरलं. ते उठले, स्टूल ओढलं आणि वर चढले. धडधाकट चालणारं घड्याळ बिघडवायची ही त्यांची पहिलीच वेळ. मग त्यांनी काटा दहा मिनिटं पुढे सरकवला, काच पुसली आणि मान तिरकी करून बघत राहिले.

"दिसलं हं आम्हाला," खालून शिवणबाई म्हणाली. "उतरा आता, वाटायची पाळी तुमची आहे."